काठी वर होईपर्यंत

डेल्फा यॉर्गनसनने बेकरचा पदर म्हणतात त्या बर्फाच्या उतारावर पहिला तास, म्हणजे स्कीच्या फळ्यांनी पडणारी रेघ, कधी मधून धरला नाही. रात्रभर वादळ होऊन सकाळी ऊन पडलेलं असावं, कंबरेएवढं बर्फाचं पीठ साचलेलं असावं, अख्खा उतार वरपासून खालपर्यंत कोरा करकरीत असावा आणि पहिला मान हिचा असावा, तरी ही बाई डाव्या अंगाला, फरच्या सूचिपर्णी झाडांना खेटून उभी राहायची. कडेचा बर्फ नेहमीच दुय्यम. झाडं आपल्या अंगावरचं ओझं झटकतात, त्याची ढेकळं तिथं पडलेली असतात. पहिल्याने ते घ्यायचं. दुसऱ्याने पहिल्याच्या उजवीकडे हातभर अंतर सोडून उतरायचं, तिसऱ्याने दुसऱ्याच्या उजवीकडे. वळणही तेच, तेवढंच. मधला मऊसूत भाग मागाहून येणाऱ्याचा. आज नाही कुणी आलं तर उद्या येईल त्याचा.

अशानं एक वादळ नऊ दिवस पुरायचं. समोरच्या कड्यावरून पाहिलं तर उतार नांगरलेल्या रानासारखा दिसायचा, आणि नवव्या दिवशीसुद्धा उजव्या टोकाला दोनचार माणसांपुरतं पीठ शिल्लक असायचं. पीठ म्हणजे कोरडा, हलका, मुठीत दाबला तरी गोळा न होणारा बर्फ. अमेरिकेतल्या आमच्या युटाच्या डोंगरात तो पडतो. त्याच्यासाठी लोक इथं आले, राहिले, आणि आता त्याच्याचसाठी इतके येतात की राहिलेल्यांना राहता येत नाही.

दुसरा रिवाज काठीचा. पदर उभा आहे, आणि उभ्या उतारावरचा बर्फ कधी सुटेल ते बर्फालाच ठाऊक. म्हणून एका वेळी एकच माणूस. तो खाली जाऊन झाडांच्या बेटाच्या आडोशाला पोचला की हातातली स्कीची काठी डोक्यावर उभी धरायची. ती दिसली की वरच्याने निघायचं. काठी वर होईपर्यंत कुणी हलायचं नाही, मग पाय गोठोत नाहीतर घरी पोरगं रडो. मी इथं आलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात व्हर्ल नावाच्या गड्याची काठी वर व्हायच्या आधी वरचा गडी निघाला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ सुटून व्हर्लवर आला. व्हर्लला उकरून काढायला चाळीस मिनिटं लागली. उकरणाऱ्यांत डेल्फा होती आणि तिचा नवरा आर्वेल होता. व्हर्लच्या मयताच्या जेवणाला चीज घातलेले बटाटे डेल्फानेच केले. ती त्याबद्दल एवढंच सांगायची, की बटाटे थोडे करपले होते.

मी रूलन, तारेला टांगलेल्या खुर्च्यांच्या लिफ्टचा वरचा माणूस. सदतीस हिवाळे लोकांना खुर्चीवरून उतरवतोय. यातलं बरंचसं माझ्या खोपटाच्या काचेतून पाहिलेलं आहे, आणि शेवटचं तर माझ्या तोंडून झालेलं आहे.

डेल्फा खालच्या सॅनपीट खोऱ्याकडची. बाप टर्की पाळायचा. विसाव्या वर्षी, एकोणसत्तर साली, इथल्या लॉजमध्ये ताटं वाढायला एका हिवाळ्यापुरती आली. टर्कीच्या पिसांचा वास डोक्यातून जायला दोन वर्षं लागली, म्हणायची, तोवर परत जाण्यात अर्थच नव्हता. तेव्हाच्या स्की म्हणजे चार बोटं रुंद, माणसाच्या वर हातभर उंच फळ्या. घट्ट बर्फावर ठीक, पण पिठात त्या नाक खाली घालून बुडायच्या. पिठात तरंगायला शिकायचं म्हणजे तीन हिवाळे गटांगळ्या खायच्या. शिकवायला कुणी नव्हतं. ज्यांना यायचं ते बोलायचे नाहीत, आणि बोलायचे त्यांना यायचं नाही. आर्वेल तेव्हा डोंगरावरच्या बर्फाच्या गस्तीवर होता. त्याने डेल्फाला पहिल्यांदा पाहिलं ते पाय वर आणि डोकं बर्फात असं. असं चारपाचदा झालं. तिचे बूट मला आधी ओळखू यायला लागले, तोंड नंतर, असं तो लग्नाच्या जेवणात उठून सांगायचा. स्वतःच्याही आणि पुढं दुसऱ्यांच्याही.

चौथ्या हिवाळ्यापासून डेल्फाचा तास पाहायला लोक थांबायचे. गुडघे एकमेकांना चिकटलेले, खांदे हलायचे नाहीत, नुसतं वरखाली, वरखाली, जशी पाण्याखालून सुई चाललीय. बर्फ तिच्या छातीवर फुटून मागं जायचा. दुपारी तीच बाई लॉजमध्ये सूप वाढताना दिसली की नव्या माणसाला पटायचं नाही.

मग फळ्या रुंद झाल्या. एकदम नाही. आधी सहा बोटं, मग आठ, मग वीतभर. वीतभर फळी पिठात बुडतच नाही. शहरातला माणूस शनिवारी भाड्याने घेतो आणि रविवारी पिठात उतरतो. डेल्फाला याचं वाईट वाटलं नव्हतं. मला आठवतंय, पहिल्या वर्षी ती माझ्या खोपटाशी येऊन हसत होती. आपले तीन हिवाळे गेले त्या कामाला, म्हणाली, आणि ह्या पोरीला बघ, अर्ध्या दिवसात जमलं, चांगलंय की. पण रुंद फळीला डेल्फासारखं बारीक वळण नको असतं. ती मोठे झोके घेते, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक माणूस उतरला की वीस तासांची जागा गेली. कुणी मुद्दाम करत नव्हतं. त्यांना तासाला तास लावायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्ही सांगायला गेलो की आमच्याकडे असं पाहायचे जसं आम्ही त्यांना वल्हं मारून गाडी चालवायला सांगतोय.

मग लिफ्ट आली. जुनी दोघांची खुर्ची वीस मिनिटं घ्यायची, वरून खालची माणसं एकेक मोजता यायची. नवी सहाजणांची, सहा मिनिटांत वर. ती बसली तेव्हा मी नवं जाकीट घालून फोटो काढून घेतला होता. मग बाहेरची कंपनी आली. मग एकाच पासावर वीस डोंगर. मग फोन, आमच्या दरीत पाच बोटं बर्फ पडला की किनाऱ्यावरच्या माणसाच्या उशाशी घंटा वाजते. उजाडायच्या आत गाड्यांची रांग दरीच्या तोंडापर्यंत. पदर नऊ दिवसांवरून दोनावर आला, दोनावरून एका सकाळवर. हल्ली उताराच्या तोंडाशी बांधलेला दोर सकाळी सुटल्यापासून माझ्या कपातला कोको निवायच्या आत तो संपतो. समोरच्या कड्यावरून पाहिलं तर डुकरं सोडल्यागत दिसतो.

तास लावणारे आम्ही बारा होतो. चौघं मेले. पाच जण खाली निघून गेले, कारण दरीतली घरं आता आठवड्याच्या भाड्याची झालीत. मला सोडलं तर उरलं कोण, डेल्फा आणि आर्वेल. ओढ्याकाठच्या त्या दोन खोल्यांत.

गेल्या पानगळीत डेल्फाच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला. ज्याच्याकडं पाहावं तेच दिसत नाही, भोवतालचं दिसतं. माझ्याकडं बघून ती म्हणाली होती, ‘‘तुझे नुसते कान दिसत्यात, रूलन. म्हंजे लई काय बुडालं न्हाई.’’ शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, पुढच्या हिवाळ्यापर्यंत कडेचंही जाईल.

तिला एकच गोष्ट हवी होती. पदर एकदा, वरून खालपर्यंत, कोऱ्या पिठात. कोरंच का, हे मी समजावून सांगतो. तुडवलेल्या बर्फावर डोळे लागतात. प्रत्येक खाच, प्रत्येक ढेकूळ आधी दिसावं लागतं, नाहीतर पाय मोडतो. कोऱ्या पिठात डोळ्यांचं काम नाही. तिथं तळवे पाहतात. डावीकडे आर्वेलचा तास डोळ्याच्या कडेत राहिला, की त्याच्या उजवीकडे हातभर सोडून ती झोपेतही उतरली असती. पन्नास वर्षं उतरली होती. पण असा पदर कोरा मिळायचा कुठं? तीन वादळं आली, तिन्हीला दोघं पहाटेपासून रांगेत उभी राहिली, आणि वर पोचेपर्यंत त्यांच्या पुढच्या तीनशेंनी उतार फस्त केलेला. तिसऱ्या खेपेला माझ्या खोपटात बसून तिने बूट सैल केले. आर्वेल म्हणाला, ‘‘वाढदिवसाच्या केकावर कोंबड्या सोडल्यात नुसत्या.’’

मग ती स्वतः मॅनेजरकडे गेली. कोल्बी नाव. तिशीच्या आतला, खालच्या शहरातलाच, चांगल्या घरचा पोरगा. ऐकून घेतलं. तिला सिस्टर यॉर्गनसन म्हणाला, इथल्या चर्चमध्ये बायकांना म्हणतात तसं, आणि येत्या वादळाला दोर सोडायच्या आधी पंधरा मिनिटं पदर त्या दोघांसाठी रिकामा ठेवतो असं कबूल केलं. कंपनीसाठी एक फोटो काढू द्याल का, एवढंच विचारलं. काढ, म्हणाली, पण पुढनं काढू नको, मला तू दिसायचा न्हाईस. कोल्बीने शब्द पाळला. मिनिटाचाही फरक केला नाही. त्याच्यावर रागवायला मला आजवर जागा सापडलेली नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मांडीच्या वर पीठ पडलं. गस्तवाल्यांनी पहाटे सुरुंग टाकून उतार पाहून घेतला होता. सुटण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नऊला मी लिफ्ट सुरू केली. पहिल्या खुर्चीत डेल्फा आणि आर्वेल, मागच्या खुर्च्यांतून जे येतील ते दोराआड. ती दोघं उतरली तशी मी लिफ्ट हळू केली. पूर्वी ओळखीच्या माणसाला थोडी उसंत मिळावी म्हणून आम्ही असं करायचो, कुणाच्या बापाला कळायचं नाही. आता ते खाली पडद्यावर दिसतं. दुसऱ्या मिनिटाला फोन वाजला, वेग का उतरला? वारा आहे, म्हटलं. वारा नव्हता. परत वाढवावा लागला.

आर्वेल पंच्याहत्तरचा. दोन्ही गुडघ्यांत धातू. पाठ मात्र ताठ. तो झाडांशी जाऊन उभा राहिला. आजच्या दिवशी तरी मधून जा, असं कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. उतार सगळा तुमचा आहे, पंधरा मिनिटं तुमची आहेत, मागून कुणी यायचं नाही, तिला मधला मऊ भाग मिळू दे, तिथं कुणी पडत नाही. माझ्या मनात हे आलंच नाही. त्याच्याही नाही, तिच्याही नाही. पहिला कडेला जातो. तो कडेला गेला.

वरची दहाबारा वळणं सुरेख झाली. दोरामागून कुणी शीळ घातली. मग झाडांनी टाकलेल्या ढेकळांत त्याची उजवी फळी अडकली आणि तो आडवा झाला, दोन तृतीयांश उतार संपवून. उठला. फळी एकच होती.

पिठात निसटलेली फळी म्हणजे विहिरीत पडलेली सुई. वर खूण राहत नाही. ती आतल्या आत कुठं सरकत जाते ते कळत नाही. माणूस काठीने भोसकत बसतो, इथं, तिथं, वर, खाली. आर्वेल भोसकायला लागला.

डेल्फा माझ्या शेजारी उभी होती, फळ्यांची टोकं उताराबाहेर काढून. तिला तो दिसत नव्हता. ‘‘झाली का काठी वर?’’

‘‘न्हाई अजून,’’ मी म्हणालो. ‘‘पडलाय. फळी हुडकतोय.’’

‘‘लागलं का त्याला?’’

‘‘न्हाई. शिव्या देतोय.’’

‘‘मंग बराय.’’

ती थांबली. आर्वेल गुडघ्यावर बसून हातांनी उकरत होता. दोराशी अडीच-तीनशे माणसं झाली होती. कोल्बी माझ्या खोपटाशी आला. तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘सिस्टर यॉर्गनसन, उतार सुरक्षित आहे. ते डावीकडे आहेत, तुम्ही थोडं उजवीकडून जाऊ शकता. रूलन तुम्हाला वरून दिशा सांगेल.’’

डेल्फाने त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. ‘‘त्याची काठी वर झाली न्हाई, बाळ.’’

कोल्बीला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आर्वेलवर नजर ठेवून होतो.

दहा मिनिटं झाली असतील. आर्वेल उभा राहिला आणि पुन्हा भोसकू लागला. त्याचा हात डोक्याच्या वर जायचा, काठी उन्हात चमकायची, मग खाली. वर, मग खाली. इथून पाहणाऱ्याला काठी वर झाली असं म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं.

‘‘आता?’’ तिने विचारलं.

मी त्या काठीकडे पाहत होतो. ‘‘न्हाई,’’ म्हणालो.

ती थंडीने कुडकुडत होती. पाय एकाजागी उचलत होती. आर्वेलच्या लहानपणच्या कुत्र्याचं काहीतरी सांगायला लागली, मध्येच थांबली. मग तिसऱ्यांदा विचारलं, आणि ह्या वेळी प्रश्नासारखं विचारलं नाही, नुसतं म्हणाली, ‘‘रूलन, बघ रं नीट.’’

ती माझ्याकडं खोटं मागत होती का? मी त्या वाक्याचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. मला वाटतं मागत नव्हती. ती तशी बाई नाही. पण मी द्यायला हवं होतं. उतार पहाटे तपासलेला, आर्वेल कडेला, ती उजवीकडून पन्नास सेकंदांत खाली. एक शब्द. आणि माझ्या तोंडात सदतीस वर्षांची सवय होती, आणि त्याच्यामागं मी न पाहिलेला व्हर्ल होता.

‘‘न्हाई अजून,’’ मी म्हणालो.

कोल्बीने घड्याळ पाहिलं. त्याने मला विचारलं, आणखी दोन मिनिटं देऊ का? द्या, म्हटलं. त्याने दिली. तेव्हा मघाशी मिनिटाचाही फरक केला नाही म्हणालो ते चुकलं. त्याने दोन मिनिटं जास्तच दिली. मग दोर सुटला.

लोक वाईट नव्हते. हे मला सांगितलंच पाहिजे. तिच्याजवळून जाताना हळू झाले. एका मुलीने विचारलं, आजी, मदत हवी का? पण आवाज झाला तो कळप सुटल्याचाच. ते उजवीकडून गेले, मधून गेले, झाडांतून गेले. आर्वेलच्या वरून गेले, खालून गेले. डेल्फा सगळं ऐकत उभी. शेवटचे आवाज खाली विरले तेव्हा तिने विचारलं, ‘‘काय ऱ्हायलंय का?’’

‘‘झाडाकडंला थोडं. पट्ट्यापट्ट्यानं.’’

तिने डावी फळी पुढं सरकवली, उतारावर टेकवली, इकडे तिकडे फिरवली, जसं आंधळं माणूस ताटात वाटी शोधतं. खाच लागली. थोडी पुढं, दुसरी लागली. तिने फळी मागं घेतली.

‘‘मला लिफ्टनं खाली ने,’’ ती म्हणाली.

आमच्याकडे लिफ्टने वर येतात. खाली लिफ्टने कोण जातं? पाय मोडलेला, नाहीतर उभा उतार बघून घाबरलेलं पोर. पन्नास वर्षांत डेल्फा खालच्या दिशेच्या खुर्चीत बसली नव्हती. मी लिफ्टवरच्या जोडीदाराकडे खोपट सोपवलं, लिफ्ट थांबवून तिला बसवलं, शेजारी बसलो. फळ्या मांडीवर आडव्या. समोरून सहासहांच्या खुर्च्या भरून वर येत होत्या, लाल, पिवळी, निळी जाकिटं, गाणी, हसणं. त्यातले काही ओरडून विचारायचे, ठीक आहात ना? मी हात हलवायचो.

अर्ध्या वाटेत ती बोलली. ‘‘तू बरोबर केलंस.’’

तिने शिवी दिली असती तर मी जन्मभर ती खिशात घालून फिरलो असतो.

पदर खुर्चीतून आडवा दिसतो. तुडवून चिखल केलेल्या त्या पांढऱ्यावर, झाडांच्या बेटाशी, आर्वेल दिसला. एका फळीवर कसाबसा घसरत तिथवर पोचला होता. दुसरी मिळाली नव्हती. आणि त्याचा हात वर होता. काठी डोक्यावर सरळ उभी धरलेली. लोक दोन्ही बाजूंनी जात होते, आणि तो वर, उताराच्या टोकाकडं, ती जिथं असायला हवी तिकडं बघत होता.

मी हे डेल्फाला सांगितलं नाही. एकदा सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही, आता सांगून काय करायचं होतं? तिला खालच्या लॉजमध्ये कढत कोको घेऊन बसवलं आणि चालत उतारावर चढलो. पाय मांडीपर्यंत रुतत होते. अर्धा तास गेला असेल. दोन पोरं त्याच्यापाशी थांबली होती. काठी वर दिसली म्हणून मदत हवी असं समजून आली होती. तो त्यांना जा म्हणत होता, रस्ता सोडा म्हणत होता, माझी बायको येतेय.

मला बघून हात खाली न करता तो म्हणाला, ‘‘रूलन, तू वर न्हाईस, मंग तिला सांगतंय कोन?’’

‘‘ती खाली बसलीय, आर्वेल.’’

‘‘गेली? मला दिसली न्हाई. कंच्या बाजूनं गेली?’’

‘‘लिफ्टनं.’’

त्याला ते समजायला वेळ लागला. लांब मिशीला बर्फ लटकलेला, डोळ्यांना पाणी, ते गार वाऱ्याचंही असेल. वरून सहा पोरं ओरडत आली आणि आमच्या अंगावर पीठ उडवून गेली.

‘‘काठी लवकर वर केली असती तर,’’ तो म्हणाला. ‘‘फळी सोडायला पायजे हुती. एका फळीसाठी...’’

‘‘चल खाली.’’

‘‘हात येत न्हाई खाली,’’ तो म्हणाला. खरंच येत नव्हता. खांदा आखडला होता. मी त्याच्या मुठीतून काठी सोडवली, एकेक बोट करून, आणि त्याचा हात धरून खाली घेतला.